काळ्या कोटावरची धूळ

कॉलेजात तिला सगळे 'फिर्याद' म्हणत. वर्गातला पंखा बंद पडला की हिचा अर्ज, पाण्याच्या टाकीत पाल सापडली की हिचा अर्ज, आणि अर्जाला उत्तर आलं नाही की ते का आलं नाही म्हणून आणखी एक. शिपाई तिला लांबून हेरायचा आणि ऑफिसात वर्दी द्यायचा, "फिर्याद येतेय, चहा आवरा." तिला त्या नावाचा राग नव्हता. आपला राग तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. किरकोळ कामांना ती त्यातला चिमूटभरही काढत नसे.

तो माणूस म्हणजे सिमेंट कारखान्याचा मालक.

तिचा बाप त्या कारखान्यात एकवीस वर्षं फिल्टरवर ऑपरेटर होता. धूर चिमणीतून बाहेर पडायच्या आधी त्यातली धूळ धरून ठेवायची, हे फिल्टरचं काम. फिल्टर चालू ठेवायचा, हे बापाचं. पण फिल्टर वीज खातो. म्हणून रात्र झाली की वरून तोंडी हुकूम यायचा, करा बंद. अंधारात धूळ कोण बघतंय? बाप बटण दाबायचा आणि लॉगबुकात लिहायचा: बंद, रात्री दहा. खाली सही. पुढे एक रकाना होता, 'कोणाच्या सांगण्यावरून'. तो त्याने एकवीस वर्षांत एकदाही भरला नाही. मोठ्या माणसाचं नाव आपण आपल्या हाताने वहीत ओढायचं, ते त्याला बरं दिसत नसे.

तीन वर्षांपूर्वी वस्तीतली निम्मी शाळा खोकायला लागली आणि बायाबापड्यांसकट तीनशे माणसं कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसली. तेव्हा मालकाने लॉगबुक बाहेर काढलं. लॉगबुक एरवी कोणी उघडत नाही. कापायला मान हवी असली की उघडतात. पानोपानी एकच सही. मालक हात जोडून म्हणाला, "आमच्याच माणसाने घात केला. झोपायला मिळावं म्हणून मशीन बंद ठेवायचा. त्याला आजच्या आज काढलं." लोकांचं समाधान झालं, लोक घरी गेले. जाता जाता बापाला 'धुळोबा' हे नाव ठेवून गेले.

त्या दिवसापासून बाप पुढच्या गल्लीने चालला नाही. दूध आणायचं असो की दाढी करायची असो, मागच्या दाराने निघायचा आणि गटाराच्या कडेकडेने जायचा. धूळ मात्र पूर्वीइतकीच पडत राहिली. याचा अर्थ काय, असं वस्तीत कोणीही कोणाला विचारलं नाही.

आणि यंदा मालकाला 'हवामान आणि शांतता' पुरस्कार जाहीर झाला. द्यायचा कुठे, तर कॉलेजच्या सभागृहात.

कँटीनमध्ये तिचा मित्र, ज्याला सगळे चष्मा म्हणत, बातमी वाचून चक्रावला. "हवामानाचा कळला. झाडं लावतानाचे फोटो आहेत त्याचे. पण शांततेचा कशाला? याने कुठली लढाई थांबवली?"

"फाटकावरची," ती म्हणाली. "तीनशे माणसं बोंबलत होती. याने एक मान दिली आणि सगळी गप्प घरी गेली. इतकी बिनबोभाट शांतता दुसऱ्या कोणी केली असेल तर सांग."

"तू सगळ्याच पुरस्कारांना एकाच मापाने मोजतेस. कोणी तुरुंगात सडत असतो, त्याला पुरस्कार मिळाला की जग त्याच्याकडे बघतं. त्याचा जीव वाचतो."

"तुरुंगातल्याला द्या ना, कोण नको म्हणतंय? इथे तुरुंगवाल्यालाच देतायत." तिने त्याच्या पुढ्यातला चहा ओढून घेतला. "आणि हवामानाचं म्हणशील तर ते राजकारण आणखी सोपं आहे. धूर सोडणारे गार हॉलमध्ये जमतात आणि सांगतात, तीस वर्षांनी आम्ही शुद्ध होऊ. शब्द तीस वर्षांनंतरचा, टाळ्या आजच्या. तीस वर्षांनी विचारायला जावं तर फाटकावर दुसराच वॉचमन."

"मग तू कसा दिला असतास?"

"चिमणीचा धूर वाऱ्याने ज्यांच्यावर येतो त्या शंभर घरांच्या सह्या अर्जावर मागितल्या असत्या. आणि परीक्षकांना महिनाभर तिथे खिडकी उघडी ठेवून झोपवलं असतं."

"माझा चहा दे."

"गार झालाय."

तिने पुरस्काराच्या संस्थेला चार पानी अर्ज पाठवला. एका ओळीचं उत्तर आलं: आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे. ते तिने घडी घालून पुस्तकात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली, म्हणजे काहीतरी शिजत होतं.

"तुला व्यासपीठ हवं असतं ना नेहमी?" प्राचार्य गोड हसले. "मानपत्र तू वाच. आवाज खणखणीत आहे तुझा. मजकूर मी देईन, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही."

तोंड बंद करायला तोंडाशी माईक द्यायचा, हा त्यांचा जुना डाव. ती म्हणाली, "एक शब्दही बदलणार नाही, सर." हवं तर सभागृहाची तयारीही बघते, असंही ती म्हणाली. प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी किल्ल्याच हातात दिल्या.

तिची आई लॉन्ड्रीत कामाला होती. सभागृहातल्या स्टेजवरच्या खुर्च्यांची पांढरी कव्हरं तिच्याच हाताखालून जात. सिमेंटची धूळ मोठी लबाड. पांढऱ्यावर बसली तर डोळ्याला दिसत नाही. म्हणून लॉन्ड्रीतल्या बायका प्रत्येक धुतलेल्या कपड्यावरून काळं फडकं फिरवत. फडक्यावर करडा पट्टा उठला की कपडा परत पाण्यात. आईचा कपडा कधी परत गेला नव्हता.

"आई, यावेळी कव्हरं धुऊ नकोस," ती म्हणाली. "गच्चीवर दोन रात्री टाक आणि तशीच पाठव. संस्थेचा नियम आहे, बक्षीस घेणारे आणि देणारे सगळे काळ्या कोटात येतात. बसू दे त्यांना."

आईने इस्त्री बाजूला ठेवली. "माझ्या हातून मळकी चादर जायची नाही."

"एकदाच गं."

"एकदा काय आणि दहादा काय. उद्या मालक म्हणेल, लॉन्ड्रीवालीने घाण पाठवली. त्याची धूळ मी माझ्या नावावर का घेऊ? तुझ्या बापाने तेच केलं." मग तिने इस्त्री पुन्हा उचलली आणि अगदी सहज, कपड्याशी बोलावं तशी बोलली, "मी आदल्या दिवशी पाचला स्वच्छ कव्हरं घालून देईन. शिपायाची सही घेईन. त्या हॉलला कारखान्याच्या बाजूने सहा खिडक्या आहेत. त्या लावायचं काम माझं नव्हे."

मुलगी आईकडे बघतच राहिली. आपण कोणावर गेलोय ते तिला त्या दिवशी कळलं.

बाप कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. तीन वर्षांत तो या विषयावर चकार शब्द बोलला नव्हता. आता म्हणाला, "कोट मळून काय होणार? धुळीबद्दल विचारलंस की मालक पहिला शब्द काढेल तो 'ऑपरेटर'. आणि धाकट्या जाईल."

धाकट्या म्हणजे बापाच्या हाताखाली तयार झालेला माणूस. सध्या फिल्टरवर तोच होता. आठवड्यातून एकदा मागच्या दाराने यायचा आणि उस्तादाजवळ बसून जायचा.

"मग गप्प बसू?"

"बस कोण म्हणतंय?" बाप म्हणाला. "तो रकाना धाकट्या भरतो. मी गेलो त्या दिवशी त्याला एवढं एकच शिकवलं. आधी मालकाकडून शब्द घे, चारचौघांत घे. वही नंतर काढायची."

धाकट्याला तयार करायला दोन दिवस लागले. बाप त्याला इतकंच म्हणाला, "आज ना उद्या तुझीही मान काढतीलच. तेव्हा वही त्यांच्या हातात असेल. आत्ता तुझ्या हातात आहे."

समारंभ सकाळी अकराला होता. खिडक्या आदल्या संध्याकाळपासून सताड उघड्या होत्या. तिने पहाटे येऊन त्या लावल्या. प्रेक्षकांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या शिपायाने पुसून घेतल्या. स्टेजवरची कव्हरं बगळ्यासारखी पांढरी दिसत होती, त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. मालक, संस्थेच्या अध्यक्षबाई आणि दोन परीक्षक काळ्या कोटात येऊन ऐसपैस बसले. पहिल्या रांगेत मालकाचा मुलगा बसला. कारखाना तोच बघायचा आणि सगळे त्याला छोटे मालक म्हणत. शेवटच्या रांगेत कव्हरं परत न्यायला आलेली आई, आणि तिच्याशेजारी पोटाशी पिशवी धरून बसलेला धाकट्या.

तिने मानपत्र वाचलं. 'ज्यांनी आकाश निर्मळ ठेवले', 'ज्यांनी संघर्षाच्या जागी संवाद आणला'. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. प्राचार्य मान डोलावत होते.

मालक उठला, त्याने ट्रॉफी घेतली आणि मागच्या पडद्यावर आपलं नाव केवढं मोठं आलंय ते बघायला वळला. त्याच्या पाठीवर, खांद्यापासून बुडापर्यंत, अख्खी खुर्ची करड्या रंगात उमटली होती. हॉलमध्ये कोणीतरी फस्सकन हसलं. तेवढ्यात अध्यक्षबाई ट्रॉफीला हात लावून फोटोसाठी त्याच्याकडे वळल्या, तर त्यांचीही तीच गत. शिपाई धावत आला आणि फडक्याने मालकाची पाठ झटकू लागला. असा लोट उठला की बाई खोकायला लागल्या.

"कॉलेजने निदान खुर्च्या तरी..." मालक पुटपुटला. माईक चालू होता.

शेवटच्या रांगेतून आईचा आवाज आला. "कव्हरं काल पाचला धुऊन घातलीत. काळं फडकं फिरवून. तुमची पाठ झटकतोय त्याचीच सही आहे माझ्याकडे."

शिपायाचा हात तिथेच थांबला.

"म्हणजे ही रात्रीतली धूळ," फिर्याद माईकवर शांतपणे म्हणाली. "खिडक्या मीच उघड्या ठेवल्या होत्या. वस्तीतल्या असतात तशा. मालक, रात्री फिल्टर बंद होता का?"

मालक कसलेला गडी. त्याने क्षणभरही वेळ घेतला नाही. "तसं असेल तर हा कोणातरी ऑपरेटरचा कामचुकारपणा आहे. पूर्वी एकदा असं झालं होतं, मी त्या माणसाला काढलं."

"तो माझा बाप. तो तीन वर्षं घरी आहे. काल रात्री त्याने बंद केला नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मालकाने आवाज चढवला. "ज्याने केला त्याला आजच्या आज काढतो. सगळ्यांसमोर शब्द देतो."

"आणि ज्याने करायला लावला त्याला?"

"त्यालाही. कोणी का असेना."

त्याच्याच माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिने त्या पूर्ण होऊ दिल्या. मग मागे बघून म्हणाली, "काका, वाचा."

धाकट्या उभा राहिला. पिशवीतून लॉगबुक काढून त्याने कालचं पान उघडलं. "काल. बंद, रात्री दहा. सही माझी. कोणाच्या सांगण्यावरून: छोटे मालक." पान उलटलं. "परवा. छोटे मालक. त्याच्या आदल्या दिवशी, छोटे मालक. तीन वर्षांचं आहे. वाचू?"

कोणी काही बोलेना. मालक पोराकडे बघत होता, पोरगा बुटांकडे. अध्यक्षबाईंनी ट्रॉफीवरचा हात हळूच काढून घेतला.

"झाली शांतता," ती म्हणाली, आणि स्टेजवरून उतरली.

पुढे फार काही उजेड पडला नाही. संस्था विचार करते आहे, असं पत्र आलं. तेही तिने पहिल्या पत्राशेजारी ठेवलं. छोटे मालक हवापालटाला गेले. धाकट्याला हात लावायची सध्या तरी कोणाची छाती नाही, कारण वहीच्या पानांचे फोटो घरोघरी पोचलेत. प्राचार्य तिला आता खुर्ची देत नाहीत. आई एवढंच म्हणाली, "कव्हरं परत मलाच धुवावी लागली. चार पाण्यांत निघाली."

बापाने दुसऱ्या दिवशी सकाळी घोटून दाढी केली, दुधाचं भांडं घेतलं आणि पुढचं दार उघडलं. गल्लीत लोक बाहेरच होते. एकजण घाईने म्हणाला, "या, या, बसा." बाप बसला नाही. ज्यांनी ज्यांनी त्याला धुळोबा म्हटलं होतं, त्यांची घरं त्याला तोंडपाठ होती. त्यातल्या प्रत्येक दारासमोर तो थांबला, आतलं माणूस बाहेर येईपर्यंत उभा राहिला, सावकाश, पोटापासून खोकला, आणि पुढच्या दाराकडे गेला.

दारात उभी राहून लेक मोजत होती. एक घर राहिलं होतं.

"बाबा," तिने हाक मारली, "डाव्या हाताचं."

तो मागे फिरला.