मेहुण्यांच्या सुरकुत्या

मी मेहुण्यांना काचेच्या कपाटासमोर बसवलं आणि समोरून फ्लॅश मारला.

एवढीच चूक. पण फोटो धुऊन आला तेव्हा मेहुण्यांच्या कपाळापासून वर काहीच नव्हतं. नुसता पांढरा गोळा. गोळ्याखालचा चेहरा मैद्यात बुडवून काढल्यासारखा, त्याखाली इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि मांडीवर अंगठी दिसेल असा मुद्दाम ठेवलेला हात. कपाटाच्या काचेनं आणि आतल्या स्टीलच्या पेल्यांनी मिळून माझा फ्लॅश जसाच्या तसा मला परत केला होता.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. जळगावात नोकरी लागून काही वर्षं झाली होती आणि मी एका बदली होऊन चाललेल्या साहेबांकडून त्यांचा जुना कॅमेरा घेतला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, बरोबर मेहुणेही आले. आखाजीच्या दिवसांत आमच्याकडे दुपारी माणूस अंगणात उभा करून फोटो काढायचा म्हणजे माणूसही वाया आणि रोलही वाया. दारं-खिडक्या बंद, त्यांवर ओली गोणपाटं, आत अंधार. तेव्हा फोटो घरात आणि फ्लॅश मारूनच काढायचा, हे मी ठरवून टाकलं. कपाट मागे घ्यायचं हीही माझीच कल्पना. म्हटलं, शोभा येईल.

मेहुणे साक्रीकडचे. शेती बरी, भुसार मालाचा व्यापारही करायचे. फोटो बघून ते चिडले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. ते चिडले नाहीत. त्यांनी तो फोटो घडी न पडेल असा वरच्या खिशात ठेवला आणि त्या उन्हाळ्यातल्या प्रत्येक लग्नात काढला.

"हे आमचे शालकबुवा," पंगतीत ते शेजारच्याला सांगायचे. "यांच्यापुढं फोटोला बसायचं तर मुंडकं घरी ठेवून यायचं."

शेजारचा हसायचा. त्याच्या शेजारचा फोटो मागून घ्यायचा. दोंडाईचाच्या एका लग्नात तो फोटो वरपक्षाकडून वधूपक्षाकडे गेला आणि हळदीच्या बोटांचे डाग घेऊन परत आला. सोनगीरला चहासाठी गाडी थांबली तर चहावाल्यालाही त्यांनी तो दाखवला. तो बिचारा म्हणाला, "देवमाणूस दिसतो, मागं तेज आहे." मेहुण्यांना ठसका लागला.

मला उलट बोलता येत नव्हतं. जावई माणूस. आमच्याकडे जावयानं ताटातली वाटी सरकवली तरी आई आमरसाचा गंज घेऊन धावायची आणि माझ्याकडे डोळे वटारून बघायची, जणू मीच वाटी सरकवली. तेव्हा तोंडानं घेता येत नाही तो सूड कॅमेऱ्यानं घ्यायचा, असं मी त्या सोनगीरच्या चहावर ठरवलं. मेहुण्यांचं दुखणं मला माहीत होतं. ते मिशा काळ्या करायचे. डाव्या कानावरचे केस लांब वाढवून टकलावरून उजव्या कानापर्यंत नेऊन बसवायचे. वय कोणी विचारलं तर खोकायचे.

मग मी शिकायला लागलो. माणसं कला म्हणून शिकतात, पोटासाठी शिकतात; मी निव्वळ खुन्नस म्हणून शिकलो आणि सांगतो, त्यासारखा मास्तर नाही. पहिल्यांदा फ्लॅश काढून ट्रंकेत टाकला. माणसाला भिंतीला चिकटवून बसवायचं नाही हे कळलं. आमच्या भिंतीला ऑइलपेंट होता, तो माणसापेक्षा जास्त चमकायचा. खिडकीचं एकच दार उघडून माणूस तिच्याजवळ आणला की उजेड पुरतो, पण फोटो हलतो. मग स्टुलावर गव्हाचा डबा, डब्यावर कॅमेरा, आणि श्वास धरून बटण. चेहऱ्याची काळी पडलेली बाजू उजळायला पलीकडे वडिलांचं पांढरं धोतर ताणून धरायचं. हे धोतर बायको धरायची आणि विचारायची, "हे किती दिवस?"

एकदा धोतर धुवायला गेलेलं होतं. तसाच बायकोचा फोटो काढला, उजेड एका बाजूनं, दुसरी बाजू अंधारात. तो फोटो आला आणि मला माझं हत्यार सापडलं. आडव्या उजेडानं चेहऱ्यावरची रेघ न् रेघ नांगरून काढली होती. तिशीतली बायको माझी मावशी दिसत होती. तिनं फोटो बघितला, फाडला, आणि रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं राहिलं. राहिलं म्हणजे तिनं राहू दिलं. मी ती अळणी भाजी आनंदानं खाल्ली.

पुढच्या आखाजीला सगळी पुन्हा जमली. मी आईचा, बहिणीचा, भाच्यांचा फोटो काढला. खिडकीकडे तोंड, बाजूला धोतर, सगळे लोण्यासारखे मऊ. मग म्हणालो, "जिजाजी, बसता का? गेल्या साली मुंडकं राहिलं होतं."

"आणलंय या वेळी," ते म्हणाले. "पण कपाट कुठंय?"

"कपाट नको. इथं, खिडकीला खांदा लावून बसा. टोपी काढा."

"टोपी कशाला काढू?"

"सावली पडते कपाळावर."

टोपी काढली. पंखा मी आधीच सोडून ठेवला होता. डाव्या कानावरचे केस उठून गेले ते परत बसलेच नाहीत. धोतर धरायला बायको पुढे झाली, तिला मी डोळ्यांनी थांबवलं. ती समजली. अळणी भाजीची बाई होती ती. मग मेहुण्यांनी छाती काढली, ओठ आवळले, अंगठी वर केली. असा फोटो मला नको होता. मी कॅमेऱ्याला डोळा लावूनच विचारलं, "त्या शेताच्या बांधाचं काय झालं हो? चुलतभावानं कोरला म्हणे अजून?"

"कोरेल नाही तर काय करेल!" म्हणत ते भडकले. भुवया जुळल्या, गालाच्या रेघा खोल गेल्या, मिशीच्या मुळातला पांढरा पट्टा उजेडात आला. आणि मी श्वास धरला.

फोटो मी मोठा करून घेतला, ताटाएवढा. आणि त्या उन्हाळ्यातल्या एका लग्नात, भर मांडवात, सगळे पाहुणे जमलेले असताना, त्यांच्या हातात दिला. माणसं वाकून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, "वय झालं हो तुमचं." मेहुणे खोकले नाहीत. हसलेही नाहीत. बराच वेळ फोटो बघत राहिले आणि तो पिशवीत घालून पंगतीत न बसताच निघून गेले. मी त्या दिवशी जिलेबी मागून मागून खाल्ली. ते वर्ष माझं फार सुखाचं गेलं. रस्त्यात चालताना एकटाच हसायचो.

पुढच्या आखाजीला बहिणीला आणायला मुराळी म्हणून मी त्यांच्या गावी गेलो. मनात एकच, माझा फोटो कुठल्या ट्रंकेच्या तळाला सापडतो ते बघू. ओसरीवरून आत पाय टाकला आणि समोरच्या भिंतीवर, देवाच्या शेजारी, मेहुणे. डोक्यावर लाल फेटा. मिशा पांढऱ्याशुभ्र. कपाळाला गंध. फ्रेमला चंदनाचा हार.

बहिणीनं कळवलंसुद्धा नाही, असं मी मनात म्हणतोय तोवर मेहुणे मागून घाम पुसत आले, चांगले जिवंत.

"आबा आहेत," ते म्हणाले. "आमचे वडील. त्यांचा फोटोच नव्हता कुठं. तू मांडवात तो फोटो दिलास आणि मला ते समोर बसल्यासारखे दिसले, बांधावरून भांडणारे. मग पंगतीत बसवेना. धुळ्याला पेंटरकडून त्याच फोटोवर फेटा न् मिशा करून घेतल्या."

माझ्या जन्मातला सगळ्यात विचारपूर्वक काढलेला फोटो. उजेड कुठून घ्यायचा, टोपी कधी काढायची, बांध कधी उकरायचा, सगळा हिशोब केलेला. त्याला आता उदबत्ती लावलेली. खाली पितरांची घागर मांडायला जागा सारवून ठेवलेली.

बहिणीची सासू, अक्का, चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी मला त्या फोटोसमोर उभं केलं. "पाया पड," म्हणाल्या.

मी चप्पल काढायच्या निमित्तानं मागे सरकलो. मेहुणे मदतीला आले, म्हणजे त्यांना तसं वाटलं. "अक्का, हा फोटो यांनीच काढलाय बरं."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हाऊ काय फोटू काढस! तोंड, फेटा, बठ्ठं त्या पेंटरनं करेल शे. तू निस्ता पाया पड."