डिकीतली बॅटरी आणि सरांचे 'मागे'

रघुनाथराव सरांची माझी पहिली ओळख पाठमोरी झाली. एग्मोरजवळच्या आमच्या तंत्रनिकेतनात मी नाशिकहून नोकरीला आले, तेव्हा ते वाहन विभागाचे प्रमुख होते. मी काही विचारले, तर "सेरी अम्मा, मागे बोलूं," म्हणून ते चालू लागले. मीही आज्ञाधारकपणे त्यांच्या मागे निघाले. वर्कशॉप, जिना, कँटीन करत ते पुरुषांच्या स्वच्छतागृहाकडे वळले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांचे घराणे तंजावरचे मराठी. तमिळमध्ये 'पाठीमागे' आणि 'नंतर' या दोन्हींना एकच शब्द चालतो, आणि तो अर्थ त्यांच्या मराठीत उतरला आहे. आपण 'मागे' म्हणून गेलेल्या काळाकडे बोट दाखवतो, सर येणाऱ्या काळाकडे.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या अध्यापनावर इतर सहकारी लिहितीलच. मी एका बॅटरीविषयी लिहिते.

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या जुन्या गाडीचे स्टिअरिंग मला वळवेना. घरच्यांनी तर गाडी विकायचेच ठरवले. तोवर निवृत्त झालेल्या सरांच्या कानावर हे गेले आणि ते आपणहून आले. पॉवर स्टिअरिंगचा पंप बसेल, पण बॉनेटखाली जागा नाही, तेव्हा बॅटरी डिकीत हलवू, असे त्यांनी सुचवले. मैलापूरला स्वतःच्या अंगणात त्यांनी काम मांडले. बॅटरी पट्ट्याने आवळली, जाड तार गालिच्याखालून इंजिनापर्यंत नेली. एवढी लांब तार कुठे पत्र्याला घासली तर पेट घेऊ शकते, म्हणून बॅटरीलगत फ्यूज हवाच. मी फोनवर विचारले, "सर, फ्यूज मागे ना?" ते म्हणाले, "मागेच." मी समजले, डिकीत बसवला. सरांना म्हणायचे होते, नंतर बसवू. हवा तसा फ्यूज दुकानात आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर फ्यूज आणायला गेलेले असताना मी जाऊन गाडी घेतली. किल्ली त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी दिली. कोवलमच्या रस्त्याला स्टिअरिंग इतके अलगद फिरत होते, की मला रडू यायचे बाकी होते. तेवढ्यात घरी परतलेल्या सरांचा फोन आला. मी कडेला थांबले.

"अम्मा, इंजिन बंद करा. डिकी उघडून बॅटरीची तार सोडा. मी येतों."

सर बसने आले, शर्टाच्या खिशात फ्यूज घेऊन. आधी त्यांनी गालिचा उचलला. मी सीट पुढे ओढली होती, तिच्या लोखंडी पायाखाली तारेचे वेष्टण चेपून फाटायला आले होते. सरांनी तार बाजूला घेतली, पट्टी गुंडाळली, फ्यूज बसवला. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "चूक माझी. तुम्ही तुमच्या मराठींत विचारलें, मी माझ्या मराठींत सांगितलें."

त्या दिवसापासून सर जागा सांगताना 'डिकीत' म्हणतात, वेळ सांगताना 'नंतर'. गाडी आजही मीच चालवते. पण एका फ्यूजपायी सरांनी आपल्या घरातला शब्द आवरता घेतला, याचे मला वाईट वाटते. म्हणून तो शब्द आज चारचौघांत त्यांना परत करते.

सर, आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. शंभरीचा सत्कार आपण मागे करूं. तुमच्या मराठीत.