त्याने सांगितलं, तिने लिहिलं

मला शिकवायला लागून वीस वर्षं होत आली, पण दहावीच्या परीक्षेत एकाच मुलावर पर्यवेक्षक म्हणून बसायची वेळ त्या मार्चमध्ये पहिल्यांदा आली. केंद्र उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका शाळेत. मुलाला डिस्लेक्सिया होता. वाचताना त्याची अक्षरांची गल्लत व्हायची, लिहिताना तर विचारू नका. म्हणून त्याला वेगळी खोली, जादा वेळ आणि लेखनिक. तो उत्तर सांगणार, नववीतली एक मुलगी ते लिहिणार. केंद्रसंचालकांनी मला बजावलं होतं, "मॅडम, तुम्ही मधे एक शब्द बोलायचा नाही. उगाच तक्रार नको."

गेटवर त्याची आई भेटली. अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला होती, हाफ डे टाकून आली होती. राहायला बदलापूरला, शिरगावात. मीही बदलापूरचीच, कात्रपची, म्हटल्यावर तिला जरा धीर आला.

"अख्खं पुस्तक मी मोबाइलवर वाचून रेकॉर्ड केलंय," ती म्हणाली. "ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय त्याचं. फक्त नेहमी त्याचं लिहिणाऱ्या मुलीला कांजिण्या आल्यात. ही कालच मिळाली. सांभाळून घ्या."

मी मान हलवली. काय सांभाळणार होते, कोण जाणे.

पेपर इतिहासाचा होता. मुलगी गुणी होती, अक्षर मोत्यासारखं, पण हात सावकाश चालायचा. घरी हिंदी बोलत असावी, कारण अडली की "क्या बोला?" म्हणायची. तिने प्रश्न वाचला, की तो डोळे मिटायचा आणि एका दमात बोलायला लागायचा. थांबला की धागा सुटायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

वारसास्थळं का जपावीत, असा एक प्रश्न होता. तो म्हणाला, "भिंतीवर कोणी नाव कोरलं तर नुसती भिंत खराब होत नाही, पुरावा खराब होतो. आधी तिथे काय होतं ते आपल्याला मग कधीच कळत नाही."

मी बाकाशेजारी उभी होते. इतकं नेमकं उत्तर माझ्या वर्गात वर्षानुवर्षं कोणी दिलं नव्हतं. मुलीने लिहिलं, 'भिंतीवर नाव कोरू नये. भिंत खराब होते.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. तो नेमकं हेच म्हणाला नव्हता! पण केंद्रसंचालकांनी बजावलेलं आठवलं. पुढेही तेच. तो चार वाक्यं सांगायचा, तिचं एक व्हायचं. ती मुद्दाम करत नव्हती. बिचारीच्या कपाळावर घाम होता, बोटं दुखायला लागली होती. मी दारापर्यंत जाऊन आले. केंद्रसंचालक व्हरांड्यात होते. त्यांना हळूच म्हटलं, "सर, मुलीला झेपत नाहीये."

"आता ऐन वेळी दुसरी कुठून आणू?" ते म्हणाले. "वेळ वाढवून दिलाय ना?"

शेवटी मुलाने तिला विचारलं, "सगळं लिहिलंस ना?"

"हां, लिहिलं."

त्याने पेपर ओढून घेतला, ओळींवरून बोट फिरवलं, पण अक्षरं लागेनात. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, मी बोललो तसंच आहे ना?"

त्याचे डोळे अजून आठवतात. मी म्हणाले, "नाव-नंबर नीट आहे का बघून घे."

तो हसला. त्याला ते 'हो'च वाटलं असावं.

खाली आई उभी होती. तो जिन्यावरूनच ओरडला, "मम्मी, सगळं आलं मला!" मी पर्स सावरत, नजर न मिळवता बाहेर पडले.

निकाल लागल्यावर आठवड्याभराने त्याची आई मला कात्रपच्या भाजीवाल्यापाशी दिसली. मी टाळणार होते, पण तिने हाक मारली. "पास झाला, मॅडम. पण सामाजिक शास्त्रात काठावर. त्याचा सगळ्यात आवडता विषय तो. मला आलं होतं म्हणतो, तर त्याचे पप्पा म्हणतात खोटं बोलतोस. तुम्ही होतात ना तिथे?"

"होते. त्याला सगळं येत होतं," मी म्हणाले. "तिला तेवढं लिहिता आलं नाही."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नवऱ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सांगितलं, अगदी त्या भिंतीच्या उत्तरासकट. पलीकडे मशीनचा आवाज होता, तो कामावर असावा. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पण मार्कलिस्टवर ते थोडंच येणारे?"

मी "नाही" म्हणाले आणि फोन परत दिला. तिने पिशवी उचलली. मुलाला सांगते म्हणाली, आणि रिक्षा बघायला रस्त्यापलीकडे गेली.