भावाची आरशासारखी फरशी

पिंपळवंडीत माझ्या थोरल्या भावाने बंगला बांधला, तेव्हा फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेवर काय घालायचं यासाठी तो महिनाभर मोबाईल चाळत होता. जागा उताराची, आणि त्याच वाटेने रोज ट्रॅक्टर आणि दोन म्हशी जाणार. गवंडी सरळ बोलला, “भाऊ, हितं खडबडीत पेव्हर ब्लॉक टाका. पानी मुरंल, पाय बी घसरायचा नाय.”

“पेव्हर ब्लॉक एसटी स्टँडवर असत्यात,” भाऊ म्हणाला. त्याला हॉटेलात असते तसली चकचकीत फरशी हवी होती. “आपण हॉटेल काढलंय का?” मी विचारलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

वास्तुशांतीच्या सकाळी त्याने ती फरशी स्वतः उभं राहून धुऊन घेतली. पहिले आले त्याचे व्याही, नवे बूट घालून. फाटकातून दोन पावलं टाकली आणि ते बसल्या बसल्या थेट पोर्चच्या पायरीपर्यंत आले. भाऊ धावत गेला, पण फरशीला चरा पडलाय का ते बघायला. व्याह्यांना मी उठवलं.

म्हशींनी तर तिच्यावर पायच ठेवला नाही. त्यांना भावापेक्षा जास्त कळत होतं. कांद्याच्या ट्रॅक्टरखाली आठवड्यात चार फरश्या तडकल्या. तेव्हा त्याने फाटकाला साखळीच लावली. आता सगळे गोठ्यामागच्या मुरमाच्या वाटेने येतात, आणि भाऊ पोर्चमध्ये उभा राहून पाहुण्यांना ती फरशी लांबून दाखवतो.