मशेरीने थांबलेलं रक्त

सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा बायकोने आईची मशेरी सोडवली आणि तिच्या हातात ब्रश दिला. महिन्याभरात ब्रशवर रक्त दिसू लागलं. मी घरातला शिकलेला माणूस, अंबरनाथला केमिकल कंपनीत सुपरवायझर. आईच्या हिरड्यांना ब्रश सोसत नाही, असं निदान मी उभ्या उभ्या करून टाकलं. जुनं ते सोनं म्हणत कुळगावच्या बाजारातून तंबाखू आणली आणि आईच्या मशेरीसाठी स्वतः तव्यावर भाजली.

धूर जिन्यात गेला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की वायर जळतेय. पाच मिनिटांत वॉचमन बादली घेऊन आणि सेक्रेटरी बनियनवर दारात हजर. तंबाखू कधीच भाजून झाली होती, पण मेसेज काही थांबेनात. शेवटी कुणीतरी अख्ख्या विंगची लाईट घालवली आणि एक काका लिफ्टमध्ये अडकले.

आठवड्यात रक्त मात्र थांबलं. बायकोला मी हे रोज जेवताना ऐकवायचो.

वर्षभराने सुका बोंबील चावताना आईचा पुढचा दात हलला, मग शेजारचा. उल्हासनगरच्या एका सिंधी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं, दातांच्या फटीत जंतू बसले की हिरडीतल्या पेशी रसायनं सोडतात. ते मदतीचे निरोप असतात. मदत येते, हिरडी सुजते. पण जंतू हटले नाहीत तर निरोपही थांबत नाहीत, आणि आलेली फौज दाताखालचं आपलंच हाड झिजवते.

"म्हणजे आपल्या सोसायटीचा ग्रुप," आई मला म्हणाली.

तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे फक्त रक्त दिसेनासं होतं, आतली नासाडी चालूच राहते, हेही बाईंनी सांगितलं. आईला मटणाची नळी दातांनी फोडल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. बाकीचे दातही जाणार का, एवढंच मी विचारलं. दोन काढावे लागतील, मशेरी सुटली आणि नीट सफाई झाली तर बाकीचे वाचतील, असं त्या म्हणाल्या.

दात काढून आईच्या तोंडात कापूस कोंबल्यावर बाईंनी आवाज चढवला, "मशेरी फिर से लगाने को किसने बोला था?"

मी भिंतीवरचं जबड्याचं चित्र वाचू लागलो. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने एक बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि बाईंचं सगळं ओरडणं मान खाली घालून ऐकून घेतलं.