उघड्या मनगटांची डॉक्टरीण

निजामी नुकतीच गेली होती. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात माझी बायको बाळंतपणात अडली होती, आत ओरडायली होती. डॉक्टरीणबाई आल्या. गळ्यात मंगळसूत्र, पण मनगटं उघडी. मला तो अपशकुनच वाटला.

बाई कोपरापर्यंत साबण चोळायल्या होत्या. नर्सचं काम शिकणाऱ्या पोरीनं विचारलं, “अक्का, मी बी डॉक्टरकीच शिकू का?”

“या कामाला बांगड्या उतरवाव्या लागतात. शीक म्हणलं तर तुझी सासू मला शिव्या देईल. माझी अजून देतीया. नको म्हणलं तर आतलीला कोण बघंल?”

“अगोदर बघा, मग बोला,” मी म्हणलो.

बाई आत गेल्या. पोरगी बांगड्या उतरवून पदरात बांधत मागं गेली.

बायको वाचली. लई वर्षं संसार करून औंदा गेली, हिरवा चुडा लेवून. तो भरताना मला बाईंची ती उघडी मनगटंच दिसायली होती.