बाकाखालचा कॅन

तिला सगळे भिंगरीच म्हणत. शिडं शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची, तेवढाच वेळ काय ती बसलेली दिसायची. घरी जेवताना उठून गॅसचं बटण बघायची, कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेली की परत येऊन ते ओढून बघायची. नवरा बसचा ड्रायव्हर, स्वभावाने शांत. तो कोपऱ्यावर तिची वाट बघत उभा राहायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली. "आयुष्यभर पुढं बसून गाडी हाकली, आता मागं बसून हाकतो," असं भेटेल त्याला सांगायचा. होडीला मागे छोटं इंजिन होतं, वारा पडला की उपयोगी यायचं. त्यासाठीचा जादा पेट्रोलचा कॅन तो मागच्या टोकाला, उघड्यावर, दोरीने बांधून ठेवी.

त्या दिवशी दोघं खाडीपलीकडे लेकीकडे निघाली होती. लेकीचे दिवस भरत आले होते. सकाळी फोनवर ती म्हणाली, "आई, सावकाश या, घाई नाही."

"घाई नाही म्हणाली, म्हणजे नक्की काहीतरी आहे," भिंगरीने नवऱ्याला ऐकवलं. पेट्रोल आणायला तीच पळाली. भरणाऱ्याने वर जागा सोडून हात आवरला, तर म्हणाली, "अर्धवट काय भरतोस? काठोकाठ भर." धक्क्यावर आली तर ऊन मी म्हणत होतं. कॅन उन्हात तापेल, लाटेने कलंडेल, कुणी उचलून नेईल, असं तिच्या मनात येत राहिलं. नवरा दोर सोडण्यात गुंतला होता. तिने कॅन आत केबिनमध्ये नेला, बाकाखाली ढकलला आणि हलू नये म्हणून भोवती गोधड्या ठासल्या. सांगायचं राहूनच गेलं.

खाडीच्या मध्यावर वारा मंदावला. भिंगरी उठली, बसली, पुन्हा उठली.

"अगं, होडी डुलते तुझ्यामुळे. सुकाणू धर, मी चहा टाकतो," नवरा म्हणाला आणि केबिनमध्ये उतरला. चार दिवस सर्दीने त्याचं नाक गच्च होतं.

पाण्याची बाटली द्यायला ती दारातून वाकली आणि वासाचा भपकारा नाकात शिरला. नवऱ्याच्या चिमटीत काडी होती.

"अहो, ओढू नका!"

तो थांबला.

"कॅन... कॅन मी आत ठेवलाय. बाकाखाली."

तिला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने काडेपेटी खिशात घातली, सिलिंडरचा कॉक चाचपून बंद असल्याची खात्री केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाहेरच थांब. कुठलंही बटण दाबायचं नाही. पाणी उपसायच्या पंपाचंसुद्धा नाही. याची वाफ जड असते, तळाला साचून राहते. एक ठिणगी बास."

त्याने खिडक्यांच्या झडपा सताड उघडल्या, कॅन उचलून बाहेर दिला. आतल्या उकाड्याने पेट्रोल फुगलं होतं आणि झाकणाच्या कडेने पाझरत होतं. तळाच्या फळ्या काढून त्याने जमेल तेवढं कापडांनी टिपलं, कापडं नि भिजलेल्या गोधड्या बाहेर आणल्या. मग दोघं होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली. आता वास जाईपर्यंत इंजिनालाही हात लावायचा नव्हता, आणि वारा तर जवळपास नव्हताच.

तेवढ्यात आत, पिशवीत, फोन वाजू लागला.

ती ताडकन उठली. नवऱ्याने मनगट पकडलं.

"तिच्या पोटात दुखत असेल हो!"

"असेल. वाजू दे."

फोन थांबला, पुन्हा वाजला. भिंगरी साडीचा पदर पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही मला बोला तरी काहीतरी."

"काय बोलू? काडी माझ्याच हातात होती," तो म्हणाला. ती त्याला खेटून बसली.

बऱ्याच वेळाने शीड फुगलं. केबिनमधून वारा आरपार खेळू लागला, तरी पलीकडचा काठ लागेपर्यंत त्यांनी ना चहा केला ना इंजिन लावलं.

लेक धक्क्यावर पोट सावरत उभी होती, शेजारी जावई. "फोन उचलायला काय झालं होतं? माझा हिरवा गाऊन आणा म्हणून सांगत होते!"

भिंगरी आधी हसली, मग तिला रडू फुटलं. चूक कुणाची, हे तिने तिथेच, जावयासमोर, सांगून टाकलं.

तिथल्या सुताराने दोन दिवसांत होडीच्या मागे, बाहेरच्या बाजूला, कॅनसाठी पेटी बसवून दिली. वर सावली, बाजूला फटी, आणि तळाला भोक, म्हणजे सांडलंच तर होडीत न येता बाहेर जाईल. नवऱ्याने कॅन धक्क्यावरच, जमिनीवर ठेवून, त्यातलं पेट्रोल दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि वर चांगली चार बोटं जागा सोडून पुन्हा भरला.

लेक म्हणाली, "आई, जाताना तू बसने जा."

"मुळीच नाही. आत मी ठेवला, बाहेरही मीच बांधणार."

आणि तिने तो असा आवळून बांधला, की घरच्या धक्क्यावर नवऱ्याला ती गाठ सुटेना. त्याने सुरी मागितली, तर ती म्हणाली, "थांबा, आधी नीट बघू दे, पाझरलंय का ते."